डिकीतले पत्रे

सहा आठवडे आमच्या स्पोर्ट्स कारखाली पाठ घासून मी आणि बाबांनी तिच्या तळाचे लोखंडी पत्रे काढले, हलके ॲल्युमिनियमचे बसवले. आज ती वजनकाट्यावर चढवली तेव्हा माझ्या पायात नुसत्या उड्या होत्या. आकडा बघून मात्र डोकंच फिरलं. वजन अकरा किलोंनी वाढलं होतं.

"काटा बिघडलाय," बाबा म्हणाले.

मी डिकी उघडली. काढलेले सगळे जुने पत्रे आत दोरीने नीट बांधून ठेवलेले.

"गॅरेजात पसारा नको म्हणून," बाबा पुटपुटले.

कपाळाला हात लावून मी पत्रे उतरवले. आकडा झरझर घसरला. मूळ वजनापेक्षा अठ्ठावीस किलो कमी. मी बाबांना मिठीच मारली.

माझ्या खांद्यावरून ते पत्र्यांकडे बघत होते. "आता हे घरी कशातून न्यायचे?"