इंग्रजीतून मागायची रजा

वाघचौरे सरांचा नियम होता, रजा हवी असेल तर इंग्रजीतून मागायची आणि तीही त्या आठवड्यात शिकवलेल्या काळात. हे १९९६ सालचं, नाशिकमधल्या आमच्या वसतिगृहाच्या शाळेतलं. पालकांना या नियमाचं भारी कौतुक. मला तो माणूस तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही.

त्या आठवड्यात प्रेझेंट परफेक्ट चालू होता. दुपारी आशाचा मामा भिका पेठकडच्या पाड्यावरून आला आणि टोपी हातात धरून वर्गाच्या दारात उभा राहिला. आशा माझ्याच बाकावर बसायची.

"सर, हिची आय लय बिमार हे. पोरीचंच नाव घेती. आताची गाडी गेली तं मंग सकाळलाच हे."

"न्या की," सर म्हणाले. "आधी तिला रजा तर मागू द्या."

आशा उठली. "माय मदर इज इल, सर."

"हा साधा वर्तमानकाळ झाला. गोष्ट आधी घडली, पण तिचा परिणाम अजून आहे, तेव्हा काय लावायचं?"

"हॅज, सर."

"मग लाव."

रडू आवरत ती काहीबाही जुळवत राहिली. मी हळूच "हॅज फॉलन इल" म्हणाले. सरांनी ते ऐकलं आणि मला वर्गाबाहेर काढलं. तिला म्हणाले, "उसनं वाक्य चालणार नाही. आता दुसरं कर."

बाहेर मी मामांना म्हटलं, "तिला सरळ घेऊन जा ना."

"आन् परत घेतलं नाय मंग?" ते म्हणाले. "हिच्या आयनं, भागीनं बजावलंय, काय बी होवो, पोरीची शाळा नाय सुटली पाह्यजे."

शेवटी आशाला जमलं. "माय अंकल हॅज कम टु टेक मी होम, सर." सरांनी खूश होऊन वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि गेटपासवर सही केली. दोघं स्टँडकडे पळत सुटली. गाडी निघून गेली होती.

दिवसकार्य आटोपून आशा परत आली. आम्ही नळावर ताटं घासत होतो. ती पोहोचायच्या आदल्या संध्याकाळीच भागीबाई गेली होती. जाईपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे.

"मावशीनं विचारलं, कुठं राहिलीस," आशा म्हणाली.

"मग?"

"शाळेत होते म्हटलं. तर मावशी म्हणाली, आम्ही पण तिला तेच सांगत होतो, पोर शाळेत शिकतेय. ते ऐकून आईनं मग माझं नाव घेणं बंद केलं."