स्वरालीची सहामाही

आठवीत गेल्यापासून स्वरालीचा पाय बाकाखाली सारखा हलायचा. इतका, की शेजारी बसणाऱ्या श्रेयाचं अक्षर वाकडं यायचं. श्रेया याच वर्षी फर्दापूर गावाहून शहरात, छावणी भागातल्या या शाळेत आली होती आणि आत्याकडं राहायची. ती नुसती वही जरा पलीकडं सरकवायची.

सातवीपर्यंत स्वराली वर्गात पहिली यायची. मग जुलैच्या घटक चाचणीत गणिताचा पेपर समोर आला आणि प्रश्नांचा अर्थच लागेना. कानात मिक्सर फिरावा तसा आवाज. पेपर निम्मा कोरा राहिला. तेव्हापासून दात घासतानाच तिला मळमळायचं. शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की ती पुन्हा बाथरूमकडं पळायची. डॉक्टरांनी पोट तपासलं, सोनोग्राफी केली. काही निघालं नाही.

"काही नाही म्हणजे काही नाही," तिचे बाबा, अमेय, म्हणाले. "मन लावून अभ्यास कर, जाईल आपोआप."

सहामाहीच्या गणिताच्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. आई, चारुता, मोटार लावून टाकी भरण्यात गुंतली होती.

"आई, मला नाही जायचं."

"पेपर आहे आज. नाटकं नकोत स्वरू, मलाही ऑफिस आहे."

शाळेत पोचल्यावर स्वराली थेट मुलींच्या बाथरूममध्ये गेली आणि तिनं आतून कडी लावली. घंटा झाली. ती बाहेर आली नाही. शेजारची जागा रिकामी पाहून श्रेया शोधत आली. दाराखालच्या फटीतून तिला स्वरालीचे बूट दिसले. इवल्याशा जागेत इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"स्वराली, मी हाय."

"जा तू. पेपर सुरू झालाय."

"व्हय. झालाय."

"मला श्वास घेता येत नाहीये गं. मी मरणार बहुतेक."

श्रेया धावत गेली आणि वर्गशिक्षिका सुलेखाबाईंना घेऊन आली. मागोमाग शाळेतल्या मावशी, मनकर्णाबाई, आल्या. "कडी ढिली हाय बाई. ढकलू का?" त्यांनी विचारलं.

"नको! कुणी आत येऊ नका!" आतून किंकाळी आली.

सुलेखाबाईंनी हातानंच मावशींना थांबवलं. "स्वराली बाळा, शांत हो बरं," त्या म्हणाल्या. बूट आणखी जोरात फिरायला लागले.

श्रेया दाराला पाठ लावून ओल्या फरशीवर बसली.

"आमच्या आवडाआजीला असंच व्हायचं," ती म्हणाली. "अजिंठ्याच्या घाटात जीप पलटी झाली व्हती, आजी आत व्हती. त्याच्यानंतर नुसता जीपचा आवाज आला तरी छातीत धडधड. म्हणायची, मी मरते आता. लई येळा म्हणली."

आतले बूट थांबले. "मग?"

"मग काय? नाय मेली."

आतून विचित्र आवाज आला, अर्धा हुंदका, अर्धं हसू.

"सिल्लोडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, धडधड वर चढती अन् मग उतरती बी. उतरेस्तोवर कुणीतरी संगं बसावं. मी बसायचे. तू नुसता श्वास सोड, लांब. घ्यायचा तो आपसूक येतो."

"तुझा पेपर?"

"जाऊ दे. बीजगणित मला कुठं येतंय?"

दोघी लांब श्वास सोडत राहिल्या. मध्येच स्वराली रडली, मध्येच पुन्हा चालायला लागली. सुलेखाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. वर्गावर दुसऱ्या सरांना पाठवा, असं त्यांनी मावशींना हळूच सांगितलं. खूप वेळानं कडी निघाली. स्वरालीचा युनिफॉर्म घामानं चिकटला होता. बाईंनी तिला पाणी दिलं.

दुपारी आईबाबा शाळेत आले.

"अभ्यास तर सगळा झाला होता हिचा," अमेय म्हणाले.

"अभ्यासाचं नाही हे साहेब," सुलेखाबाई म्हणाल्या. "जुलैपासून ही पोर घाबरलेली आहे. माझ्याही लक्षात आलं नाही."

"पण डॉक्टर तर..."

"अहो, थांबा जरा," चारुता म्हणाली. ती स्वरालीकडं वळली. "सकाळी तू म्हणाली होतीस मला."

"रोज म्हणते," स्वराली म्हणाली.

खुर्ची ओढून चारुता लेकीला खेटून बसली.

बाईंनी समुपदेशक ताईंचा नंबर दिला. पहिल्या भेटीनंतर स्वराली चिडूनच बाहेर आली. तिथं नुसतंच बोलायचं असतं, म्हणाली. तरी पुढच्या वेळी गेली. मळमळ एकदम थांबली नाही. काही सकाळी व्हॅन तशीच निघून जायची आणि मग आई तिला स्कूटीवर उशिरा सोडायची. तेवढं शाळेनं मान्य केलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोघींचा गणिताचा पेपर पुन्हा घेतला. स्वरालीला दाराजवळ बसवलं होतं. दुसऱ्या प्रश्नालाच कानात आवाज सुरू झाला. ती उठली, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, लांब श्वास सोडत परत आली. मन म्हणत होतं, पळ. हात घामानं ओले झाले होते, ते तिनं स्कर्टला पुसले आणि पुढचं गणित वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा ते कळलं.

पेपर संपल्यावर फाटकाशी बाबा उभे होते. त्यांच्या ओठावर आलेला प्रश्न तिला स्पष्ट दिसला. त्यांनी तो गिळला.

"भूक लागलीय का?"

"हो. श्रेयाला पण घेऊ या."

छावणीच्या बाजारात तिघं गरम भजी घेऊन बसले. स्वरालीनं बऱ्याच दिवसांनी बशी संपवली.

"दोन गणितं राहिली, बाबा."

बाबांनी चटणीची वाटी तिच्याकडं सरकवली. "बरं," ते म्हणाले. "अजून भजी सांगू?"

"सांगा की काका," श्रेया म्हणाली.