भोकाभोकांतलं तेल

“तेल कुणी लावलं, एवढंच सांगा. मला कुणावर ओरडायचं नाहीये,” मिनल म्हणाली.

निघोजे गावातल्या कारखान्याच्या शेडमध्ये पॅकिंगच्या टेबलापाशी तिघंच उभे होते. वेधशाळेतून आलेली इंजिनिअर मिनल, सुपरवायझर समाधान आणि तयार माल पुसून, तेल लावून कागदात गुंडाळणाऱ्या शालनबाई. शालनबाई एकोणीस वर्षं इथे कंत्राटावरच होत्या. तेलाचं नाव निघाल्यापासून समाधानची नजर स्वतःच्या बुटांवरून हलत नव्हती.

पाच महिन्यांपूर्वी इथून वेधशाळेला स्टीलची एक मोठी टाकी गेली होती. तिच्यातली हवा उपसून काढायची आणि आत ताऱ्याच्या उजेडाचे रंग वेगळे करायचे, असं ते यंत्र. भोवती ग्रह फिरत असला की तारा जरासा डुलतो, त्याचे रंग किंचित सरकतात, तेवढंच मोजायचं. रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच परदेशातून यायला तीन वर्षं लागली होती. आता तिच्यावर तेलाची वाफ बसली होती आणि ती काच पुसता येत नाही.

“टाकी आम्ही आतून धुतली होती,” मिनल म्हणाली. “तरी तेल आलं कुठून? कळलं नाही, तर संशय वेल्डिंगवर जाईल. मग टाकी कापावी लागेल.”

“ट्रान्सपोर्टवाल्यांनी काही केलं असेल, मॅडम,” समाधान म्हणाला आणि शालनबाईंना त्याने डोळ्यांनीच दाबलं. टाकीला तेल लावू नये, असं इंग्रजीत लिहिलेला वेधशाळेचा कागद सकाळी त्याच्याच ड्रॉवरमध्ये निघाला होता. तो वाचून समाधान स्वतःशी काय पुटपुटला, ते शालनबाईंनी ऐकलं होतं.

गप्प बसलं की नोकरी टिकत होती. पंचावन्नाव्या वर्षी दुसरी कंपनी त्यांना गेटवरसुद्धा उभं करणार नव्हती. पण चांगली टाकी कापायची?

“कापू नका, ताई. तेल मी लावलं.”

“आतून पण?”

“आतूनच आदी. भाईरचा गंज दिसतो तरी. आतला कुनाला दिसतोय? पावसाळी हवा व्हती, माल लांब जायचा व्हता.”

“स्क्रूच्या भोकांत?”

“समद्या. काडीला कापूस गुंडाळून. एकशे चाळीस भोकं हायती, येक बी सोडलं न्हाई.” बोलता बोलता त्यांची मान जरा ताठ झाली होती. मिनलचा चेहरा पाहिला आणि ती खाली आली.

एखाद्या कामचुकार बाईने वरवर फडकं मारलं असतं, तर ते तेल धुण्यात निघून गेलं असतं आणि काच वाचली असती. हे शालनबाईंच्या आता ध्यानात आलं.

“दुसरी काच मिळंल ना?”

“तीन वर्षांनी. पैसे मंजूर झाले तर.” मग मिनलने विचारलं, “मावशी, तेल लावायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?”

समाधानच्या कपाळावर घाम आला. शालनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याची बायको आठवा महिना सरत आल्यामुळे माहेरी गेली होती. परवाच त्याने पेढे वाटायची भाषा केली होती.

“सांगितलं आसंल. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई.”

तासाभरात ऑफिसने शालनबाईंचा गेटपास मागून घेतला. जेवणाचा डबा घ्यायला त्या शेडमध्ये आल्या, तेव्हा टेबलावर गिअरचा लॉट तसाच पडला होता. सकाळपासून तेलाच्या डब्याला शिवायची कुणाची छाती झाली नव्हती. दोन गिअरांवर तांबूस डाग धरायला लागले होते.

“ह्यांला तरी लावून जाते. सांजपत्तुर खराब हुतील.” त्यांनी फडकं उचललं.

“राहू द्या, मावशी,” समाधान दुसरीकडे बघत म्हणाला. “आता कशालाच हात लावू नका.”

शालनबाईंनी फडकं घडी घालून खाली ठेवलं. मग दोन्ही हात पदराखाली घेऊन त्या गेटकडे चालू लागल्या.