दिलशादचं शिलाई मशीन

दर मंगळवारी सकाळी विट्यात शालूबाईच्या ओसरीवर पाच बायका हात पुढं करून शपथ घ्यायच्या, "आम्ही एकमेकींच्या अडचणीला धावून जाऊ." कर्ज देणाऱ्या कंपनीचा तसा नेमच होता. शपथ झाली की वसुलीचा शिवतेज हप्ते गोळा करायचा. एकीचा कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा, तोवर कुणी उठायचं नाही. कंपनी म्हणे तारण घेत नाही. घेते की! शेजारणी घेते.

दिलशादचा हप्ता सलग तिसऱ्या आठवड्यात साडेचारशेनं कमी होता.

"मला काय, मी बसतो," शिवतेज म्हणाला. "च्या ठेवा."

"माझा भाजीचा गाडा उन्हात हाय!" अंकिता दिलशादवर खेकसली. "दोनदा आमी भरलं. आता तुझी धुणीबी धुवू का?"

दिलशादनं शालूबाईकडं बघितलं. नुसतं बघितलं.

दिलशादच्या नावावरचं निम्मं कर्ज शालूबाईनंच मिरची कांडपाच्या मोटारीला उचललं होतं. निम्मा हप्ता तिनं द्यायचा ठरलेला, आणि तीन आठवडे दमडी दिली नव्हती. पण दिलशाद बोलणार कशी? कर्ज दुसरीला दिलं हे कळलं तर कंपनी दोघींनाही दारात उभं करणार नव्हती. शुक्रवारी शालूबाईचं नवं कर्ज मंजूर व्हायचं होतं. गट साफ दिसायला हवा होता.

"मशीन हाय की तिच्याकडं," शालूबाई म्हणाली.

चौघींनी दिलशादच्या घरात जाऊन मशीन उचललं. सुईखाली कुणाचं तरी अर्धं शिवलेलं पोलकं होतं, ते शालूबाईनं ओढलं, टर्रकन फाटलं. बिरदेव टेलरनं मशीन ठेवून घेतलं आणि दोन हजार टिकवले.

"असा गट पायजे!" शिवतेज खूष झाला.

पुढच्या मंगळवारी दिलशादच्या दाराला कुलूप. मशीनच नाही तर कमवायचं कशावर? ती फलटणला माहेरी निघून गेली होती.

"तिचे तीस हप्ते ऱ्हायलेत. आता चौघींवर," शिवतेज म्हणाला. "आणि शालूबाई, बाई पळालेल्या गटाला नवं कर्ज न्हाई."

त्या कर्जाच्या भरवशावर शालूबाईनं मिरची भरून ठेवली होती. पदराच्या गाठीत स्वतःचा हप्ताही पुरता नव्हता.

"आवं साहेब, उद्या देते," ती म्हणाली.

अंकितानं मान वळवून कांडपाच्या शेडकडं बघितलं.

"आक्का, मोटार कितीला घेतलीस गं?"