आढीतला बोका

आमचे दर्शनराव वर्षातले दहा महिने एका सरकारी कचेरीत कारकून असतात आणि एप्रिल-मे हे दोन महिने आंबा बागायतदार असतात. बागायत म्हणजे पूर्णगडला वाटणीत आलेली अकरा कलमं. त्यातली तीन धरत नाहीत आणि दोनांवर चुलतभावाचा डोळा आहे. पण मार्च संपला की या माणसाची चालच बदलते. फोनवर 'आमच्याकडचा माल' सुरू होतं, आणि यंदा मोहर कसा उशिरा आला हे न विचारताच रिक्षावाल्यालासुद्धा ऐकावं लागतं. मी चोवीस वर्षं हे बघतेय. पहिली दोन वर्षं कौतुकाने बघितलं.

तर या बागायतदारांच्या आढीत बोका मुतला. गोष्ट एवढीच आहे. दर्शनरावांनी ती स्वतः निस्तरायला घेतली नसती, तर एवढीच राहिलीही असती.

आढी म्हणजे आंबे पिकत घालायची गादी. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर परत पेंढा. लोक आता हे सगळं मागच्या शेडमध्ये नाहीतर क्रेटमध्ये करतात. आमच्याकडे आढी माजघरातच पाहिजे, कारण पूर्णगडच्या घरात आजोबांची आढी माजघरात असायची. आजोबांचं माजघर शेणाने सारवलेलं होतं आणि त्याला दार होतं. आमचं रत्नागिरीतलं घर टाइल्सचं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या, दार नसलेल्या खोलीला दर्शनराव एप्रिल महिन्यात माजघर म्हणतात. उरलेलं वर्ष ती फ्रिजची खोली असते. दीड महिना मी पातेलं हातात घेऊन त्या पेंढ्याच्या कडेकडेने, अंग चोरून, फ्रिजपर्यंत जाते.

बोका अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे सासरे, हरिश्चंद्र. कोयना प्रकल्पावर नोकरी केली, अलोऱ्याच्या कॉलनीत तीस वर्षं काढली, आता एकोणऐंशीचे आहेत. गेल्या जूनमध्ये सासूबाई गेल्या आणि अप्पांचं बोलणंच थांबलं. जेवलात का विचारलं तर मान हलवायचे. डॉक्टर म्हणाले, दोष काही नाही, मन लागायला पाहिजे. तेव्हा श्रावणातल्या एका बुधवारी दर्शनरावांनी मासळी बाजाराजवळून एक भुरकं पिल्लू आणून अप्पांच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या हातून झालेलं हे शहाणपणाचं काम, ते मी नाकारत नाही. पिल्लाचं नाव बुध्या पडलं. आठवड्याभरात अप्पा त्याच्याशी बोलायला लागले आणि महिन्याभराने त्याच्या मार्फत माझ्याशी. "बुध्या, सांग तिला, आमटीत मीठ नाय पडला." मी स्वयंपाकघरात डोळे पुसले होते. अजूनही अप्पा आमच्याशी जे चार शब्द बोलतात ते बोका मांडीवर असतानाच. तो नसला की परत मान हलवणं.

श्रावणात पाऊस धो धो. पिल्लाला बाहेर कसं सोडणार? दर्शनरावांनी आंब्याची एक रिकामी पेटी घेतली, आढीतला उरलासुरला पेंढा तिच्यात घातला आणि पिल्लाला त्यात बसवलं. दोन दिवसांत ते शिकलं. मग घरी येईल त्याला ते पेटी दाखवायचे. "बघा, पेंढा दिसला की बरोबर जाऊन बसतो. ट्रेनिंग दिलंय मी." वीज मंडळाच्या माणसालासुद्धा दाखवली. पाऊस सरला, बोका बाहेर परसात जायला लागला, पेटी मागे पडवीत जाऊन पडली.

आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात याच माणसाने घराच्या मधोमध आठ फूट बाय पाच फूट पेंढा पसरला.

बोक्याने काय करायचं होतं? एवढी मोठी पेटी त्याने जन्मात बघितली नव्हती. त्याला वाटलं असेल, आपलं प्रमोशन झालं.

पहिले दोन दिवस दर्शनरावांना कळलंच नाही. त्यांना बारा महिने सर्दी. उलट त्यांनी कचेरीतल्या साहेबांना फोन करून सांगितलं, "आढीला वास सुटलाय साहेब, पहिली पेटी तुमची." साहेब नवीन होते, पुण्याकडचे. पुढच्या महिन्यात बदल्यांची यादी निघायची होती आणि दर्शनरावांना रत्नागिरीतच राहायचं होतं. त्यासाठी हापूस लागणार होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी आंबे परतायला पेंढ्यात हात घातला, तो ओला निघाला.

मग सुरू झाले उपाय. आधी निदान झालं. बोका सूड घेतोय. कशाचा, तर गेल्या आठवड्यात बांगड्याचं डोकं दिलं नाही त्याचा. एवढा लक्षात ठेवणारा बोका असता तर मी त्याला कचेरीत पाठवलं असतं. निदानानंतर पेंढा बदलला. नवा, कोरडा, स्वच्छ. बोक्यालाही तो आवडला. मग भोवताली लिंबाच्या साली आल्या, मिरपूड आली. मिरपुडीने मी शिंकून हैराण झाले. मग हे महाशय होळीतली पिचकारी घेऊन दोन संध्याकाळी आढीसमोर खुर्ची टाकून बसले. बोका खिडकीत बसून त्यांना बघत होता. खुर्चीत डुलकी लागली, तेवढ्यात त्याने आपलं काम उरकलं.

शेवटी डांबराच्या गोळ्या. कपाटात कपड्यांत ठेवतात त्या. वीसेक गोळ्या त्यांनी पेंढ्यात पेरल्या. दोन दिवसांनी पिकलेला पहिला आंबा कापला आणि पहिली फोड तोंडात घातली. तोंड असं झालं, की जुनी शाल चावली असावी. पण कबूल करतील तर दर्शनराव कसले? म्हणाले, "यंदा जरा वेगळा स्वाद आहे."

मी एकदाच सांगितलं. नीट, न हसता सांगितलं. "अहो, पेंढा म्हणजे मुतायची जागा हे तुम्हीच त्याला शिकवलंत. त्याने लक्षात ठेवलं. त्याला मागे वेगळी पेटी द्या आणि आढी अप्पांच्या जुन्या कॉटवर उचलून घ्या."

"माझ्या आंब्याचा पेंढा मी मांजराला देऊ?" ते म्हणाले. "त्यापेक्षा त्यालाच मिरकरवाड्याला सोडून येतो. बंदरावर शंभर मांजरं आहेत, त्यात एक."

हे बोलणं चाललं तेव्हा अप्पा त्यांच्या खोलीच्या दारातच होते. बोका त्यांच्या खांद्यावर. अप्पा तसेच वळले. खोलीत गेले आणि त्या रात्री जेवायला आले नाहीत. बोका गेला तर हा म्हातारा परत भिंतीकडे तोंड करून बसेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मीच पडवीतली ती जुनी पेटी झटकली, दोन मुठी पेंढा घातला आणि बोक्याला उचलून तिच्यात ठेवलं. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि बसला. चार दिवस आढी कोरडी राहिली. दर्शनराव शेजारीपाजारी डांबराच्या गोळ्यांचं माहात्म्य सांगत फिरले. मी फिरू दिलं. बोका वाचत होता, श्रेय कुणी का घेईना.

तिथे माझं चुकलं. ती पेटी कसली आहे हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी मी पतसंस्थेत कामाला गेले. दर्शनरावांना साहेबांची पेटी भरायची होती. गोळ्यांच्या जवळचे आंबे वगळून त्यांनी चार डझन निवडले. घरातल्या पेट्या संपल्या होत्या. शोधत शोधत ते पडवीत गेले आणि तिथे त्यांना एक पेटी मिळाली. छान, मजबूत, शिवाय आत पेंढा घातलेला तयार! माणूस खूश झाला. त्याच पेंढ्यावर आंबे रचले, वर कागद घातला, सुतळीने आवळलं आणि स्कूटरवर पुढे उभी करून साहेबांच्या क्वार्टरवर पोचवून आले. नाकाचं म्हणाल तर फिनेल, उदबत्ती आणि डांबर यांच्या पंधरवड्यानंतर आमच्या घरात कुणालाच नाक उरलं नव्हतं. साहेबांच्या मिसेसना मात्र होतं.

संध्याकाळी कचेरी सुटताना साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ती पेटी घेऊन जा. शिपायाला बाहेर ठेवायला सांगितलीय. आणि परत काही आणू नका."

घरी येऊन दर्शनरावांनी हे सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "पेटी कुठली घेतलीत?" त्यांनी सांगितलं. आणि मी हसले. तोंडावर पदर धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तसं हसायला नको होतं हे मला हसतानाच कळत होतं. पण चोवीस वर्षं साठलेलं होतं. माझ्या त्या हसण्याची किंमत बोक्याने मोजायची हे त्यांनी तिथेच ठरवलं असणार. साहेबांवर राग काढता येत नाही, आणि माझ्यावर काढला तर मी उत्तर देते.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते उठले आणि न बोलता परसात गेले. मी मागोमाग गेले तर तांदळाचं रिकामं पोतं झटकत होते. मग काथ्याची दोरी शोधली. मी म्हटलं, "अहो, अप्पांचं काय होईल याचा विचार करा." ते म्हणाले, "अप्पांना दुसरं पिल्लू आणू. चांगल्या जातीचं." दुसरं आणू! पंखा बिघडला की म्हणतात तसं.

बोका पडवीत उन्हात पसरला होता. विश्वासाचा प्राणी. दोन हातांनी उचलला तरी त्याने नखं काढली नाहीत. पोत्यात गेल्यावर मात्र ओरडला.

"दर्शन, थांब जरा."

अप्पा दारात उभे होते. बाहेर जायचा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात चपला. हातात कापडी पिशवी, तिच्यातून पंच्याचं टोक दिसत होतं. मांडीवर बोका नसताना अप्पा दहा महिन्यांत पहिल्यांदा बोलले होते.

"कुठे निघालात अप्पा?"

"तुझ्याबरोबर. मिरकरवाड्याक नाय जात तू?"

"तुमचं काय काम तिथे?"

"बोक्याला सोडतोस ना, घरात मुतला म्हणून? मग मला पण सोड."

दर्शनराव हसले. त्यांना वाटलं म्हातारा हट्टाला पेटलाय. "काहीतरीच काय अप्पा."

"काहीतरी नाय." अप्पांनी टोपी नीट केली. "मी पण मुततंय. गादीत. दिवाळीपासना. आठवड्यातना दोनदा, कधी तीनदा. तुला ठाव नाय, कारण तू उठायच्या आधी ही धुते नि वाळत घालते. बोका तू दावलास तिथे तरी गेला. माझा ता पण नाय. मला कळतच नाय कधी झाला ता." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तर घाल दोघांना एकाच पोत्यात. नायतर त्याला भायेर काढ."

हे मी इथेही आतापर्यंत सांगितलं नव्हतं. ते माझं सांगायचं नव्हतंच. पहिल्या सकाळी मी चादर उचलली तेव्हा अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं होतं आणि मी म्हटलं होतं, "पाण्याचा तांब्या कलंडला वाटतं." त्यानंतर दर वेळी तांब्याच कलंडला. सहा महिने आम्ही दोघांनी तो तांब्या सांभाळला. आणि त्या सकाळी अप्पांनी स्वतःच्या तोंडाने, मुलासमोर, उन्हात उभं राहून तो फोडून टाकला. एका बोक्यासाठी. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षाही जास्त संताप आला, की या सज्जन माणसावर ही वेळ आणणारा माणूस माझा नवरा आहे.

दर्शनरावांनी पोतं खाली टेकवलं. दोरी सैल झाली तसा बोका बाहेर आला आणि अप्पांच्या पायांमधून घरात पळाला. अप्पा वाकून चपला काढत होते. त्यांना मदत करायचं दर्शनरावांना सुचलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"खरं आहे हे?"

"हो."

"सहा महिने? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? माझे वडील आहेत ते. का नाही सांगितलंस?"

तुम्हाला त्रास नको म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते त्यांना आवडलंही असतं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ते चार जणांना सांगितलं असतं.

"तुम्ही पोतं शोधाल म्हणून," मी म्हटलं.