फणसाच्या चार पेट्या

"वयनी, या फळीच्या चार पेट्या करून पायजेत," असं म्हणत गोमाजीकाकांनी खांद्यावरची फळी आमच्या ओटीवर आपटली. आईच्या सुपातले तांदूळ उडाले.

ती फळी मी लगेच ओळखली. फणसाच्या बुंध्यातली, पिवळीधमक, अंगभर लाटा उठलेली. माझ्या अभ्यासाच्या टेबलासाठी बाबांनी ती दुकानाच्या माळ्यावर वाळत ठेवली होती. बाबा म्हणजे मुरारी सुतार. पोलादपूरच्या बाजारात त्यांचं दुकान. ते लाकूड कापायचे, जोडायचे. रंग आणि पॉलिश आईचं. कशेडी घाटात ट्रक उलटला आणि बाबा गेले. तेराव्याचं जेवण उरकतंय तोवर मुंबईहून आलेल्या काकांनी जागेच्या मालकाला गाठून दुकान स्वतःच्या नावावर करून घेतलं. रंधे, करवती विकल्या आणि व्हिडिओ गेमची मशिनं लावली. 'मुरारी सुतार' ही बाबांची पाटी मात्र ठेवली हं! उलटी करून, खाली दोन विटा लावून. पोरं तिच्यावर बसून गेम खेळतात.

"विकतच्या जॉयस्टिक पोरं मोडून ठेवतात," काका सांगत होते. "दांडे नि बटणं आणलीत मी. खाली लाकडाची मजबूत पेटी पायजे. निळा कलर, एकदम टॉप फिनिशिंग. महाडची पोरं एष्टी पकडून आली पायजेत."

"भावोजी, ही फळी सारिकाच्या टेबलाची हाय."

"सारिका काय कलेक्टर होणार हाय? दुकानातला माल दुकानाचा."

मी तोंड उघडलं. शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन झाल्यापासून माझं तोंड आपोआप उघडायचं. पण आईने पाठीमागून असा चिमटा काढला की शब्द परत घशात गेले.

"करते," आई म्हणाली.

काका गेल्यावर मी थयथयाट केला. "लाज नाय वाटत गो आई तुला? त्याला पेट्या करून देतेस? तुझ्या जागी मी असते तर ती फळी त्याच्या डोक्यात घातली असती!"

"मग त्याचं डोकं फुटलं असतं नि चार दिवसांत भरलं असतं," आई म्हणाली. "जा, बोथट खिळा नि हातोडी आण."

मागून आणलेल्या करवतीने फळी कापून झाल्यावर पेटीचा वरचा भाग, जिथे खेळणाऱ्याचा तळहात टेकतो, तो तिने पुढ्यात घेतला. खिळ्याने लाकूड न फाडता, फक्त दाबत दाबत, तिने एकेक अक्षर आत बसवलं. मु. रा. री. मग उरलेल्या एकुलत्या रंध्याने आजूबाजूचं लाकूड अक्षरांच्या तळापर्यंत तासून काढलं. फळी सपाट! मी बोट फिरवलं. काहीच लागेना.

"गेलं की!"

"गेलं नाय. दाबलंय. दाबलेलं लाकूड पाणी पिलं की उठतं. म्हणून रंग स्पिरिटात कालवायचा, पाण्यात नाय."

निळी पूड स्पिरिटात विरघळली. पहिला हात तिने गडद दिला, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला, आणि फणसाच्या लाटा अशा काही वर आल्या की मी रागवायचं विसरले. त्यावर फिक्या निळ्याचा दुसरा हात. पेटी हलवली की लाटा हलायच्या, सावित्रीला पूर आल्यासारख्या. शेवटी लाखेचं पॉलिश. तळहाताच्या जागी तिने ते पातळच ठेवलं. बाबा असते तर ओरडले असते. बाकीच्या पेट्या तिने मी शाळेत असताना केल्या.

काका खूश. "झकास हाय, वयनी! हीच पेटी पुढच्या मशिनीला लावतो, दारातून दिसली पायजे!"

ते पेट्या घेऊन निघाले तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "दुकानात गेलीस तर कोरड्या हातानं खेळू नको."

पोलादपूरचा पावसाळा म्हणजे हात कोरडे राहायचा प्रश्नच नाही. तरीही शाळा सुटली की मी वेणी पिळून तळहात ओले करायची आणि दुकानात शिरायची.

"मुलींसाठी नाय हे," काका म्हणाले.

"मुलगी नाय, पुतणी हाय मी तुमची!" पोरं हसली. काकांचा नाइलाज झाला. मग मी एकेकाला असं लोळवलं की कापडे गावचा चांगू म्हणाला, "हिला कबड्डीतच ठेवा रे कोणीतरी." हरलेली पोरं चिडून आणखी खेळायची, घामाच्या, पावसाच्या, भज्यांच्या हातांनी. पॉलिश झिजत गेलं.

आणि एके दिवशी माझ्या तळहाताला खाली काहीतरी लागलं. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं.

"ए, ह्या पेटीवर कायतरी आलंय," शेजारून चांगू वाकला. "मु... रा... काका, तुमच्या भावाचं नाव आलं!"

काका धावले. पॉलिश पेपर घेऊन, दात खाऊन त्यांनी अक्षरं घासली. उंच आलेलं लाकूड सपाट झालं खरं. पण निळा रंग वरवरचाच होता, आतला फणस पिवळा. घासलेल्या जागी निळ्यावर पिवळंधमक 'मुरारी' उमटलं. आता ते रस्त्यावरूनही वाचता येत होतं. काळा रंग फासला, तो पोरांनी नखांनी खरवडला. "चल, मुरारीवर जाऊ," असंच म्हणायला लागली सगळी. बाहेरची 'गोमाजी व्हिडिओ' पाटी कोण वाचतो!

काका भिजत आमच्या ओटीवर आले. "वयनी, काय हाय हे?"

"पाऊस हाय भावोजी. लाकूड फुगतं."

"नाव फुगतं काय?"

"ज्याचं लाकूड, त्याचं नाव."

काकांनी तोंडावरून ओघळणारं पाणी पुसलं. मग हळूच विचारलं, "बाकीच्या तिघींत पण हाय? काय लिवलंय?"

आई सुपातला खडा शोधत राहिली. "पाणी लागलं की कळेल."

ते गेल्यावर मी तिच्या गळ्यातच पडले. "सांग ना गो! तिघींत काय लिहिलंस? चोर? हरामखोर?"

"काय नाय."

"म्हणजे?"

"कोऱ्या हायत."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी आणि आई मिठाची पिशवी घेऊन दुकानासमोरून जात होतो. आई थांबली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच तिथे थांबली. पोरं उलट्या पाटीवर ओळीने बसली होती. काका खांद्यावर टॉवेल टाकून एकेकाचे हात धरून पुसत होते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. "कोरडे करा रे, कोरडे करा!" म्हणताना त्यांची नजर त्या तीन पेट्यांवरून हलत नव्हती.

मी हसायला तोंड उघडलं, आणि आईकडे बघून मिटलं. ती पेट्यांकडे बघतच नव्हती. पोरांच्या पायांमागून त्या उलट्या पाटीची कड दिसत होती, तिकडे बघत होती. जरा वेळाने तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. नखांत अजून निळं होतं.

"चल," ती म्हणाली, "मीठ भिजेल."