पडद्यावरचा बाण

वडवणीच्या बाजारपेठेत शिवलिंगप्पांचं हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस फटकळ. गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला की "मग नेऊ नका" असं तोंडावर सांगणारा. असा माणूस दुपारी कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसवलेल्या पोरासारखा बसलेला दिसायचा, तेव्हा शेजारपाजारचे दुकानदार गालातल्या गालात हसायचे. अप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्या वेळी वीरेश यायचा.

यायचा म्हणजे एस.टी.तून उतरून यायचा नाही. अप्पांचा हा एकुलता एक मुलगा पुण्याला एका कंपनीत लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करायच्या कामावर होता. दुकानात बिलं छापायचा कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिला होता. त्यात काही अडलं की अप्पांनी एक बटण दाबून त्याला बोलावणं धाडायचं. मग पडद्यावर "येऊ द्यायचं का" अशा अर्थाची पाटी उमटायची, अप्पांनी "हो" दाबायचं, की पडद्यावरचा बाण आपला आपण हलायला लागायचा. ही सोय कॉम्प्युटरमध्ये मुळातच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, हे अप्पा बाजारात सगळ्यांना कौतुकानं सांगत.

शिवाय त्यात बोलता यायचं. वीरेशच्या ऑफिसात मोबाईल दारातच जमा करावा लागे, पण कानाला हेडफोन दिवसभर असायचाच. जेवणाच्या सुट्टीत तो बापाच्या बिलाचा घोळ निस्तरायचा आणि त्याचा आवाज इकडं खिळ्यांच्या पिंपांमधून घुमायचा. हाताला काम असलं की वीरेश मोकळा बोले. खोलीवरची भाजी कशी असते, कपिलधारच्या यात्रेला कोण कोण गेलतं, आई कांद्याची चटणी कशी वाटायची. फोनवर हाच मुलगा "बरं, हां, ठेवू का" एवढ्यावर यायचा. बायको शांतादेवी गेल्यापासून घरात अप्पांशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं बिलाचा घोळ झाला की अप्पांना मनातून बरंच वाटायचं. घोळही भरपूर व्हायचे, देवाची कृपा.

मग तो कॉम्प्युटर म्हातारा झाला आणि वीरेशनं नवा पाठवला. चपटा पडदा, काळा कीबोर्ड, आतली सगळी व्यवस्था नवी. लांबून मदत करायची ती सोयही होती, पण बदललेली. पहिला दणका म्हणजे बोलायचं बटणच कुठं सापडेना.

"काढून टाकलंय ते, अप्पा. आता नुसतं लिहायचं," वीरेश फोनवर म्हणाला.

"कावून काढलं? चांगलं चालतं की!"

"मला विचारून काढतात का?"

आता दर वेळी लांबलचक पासवर्डही लागायचा. तो अप्पांच्या पडद्यावर उमटायचा आणि त्यांनी फोनवर वाचून दाखवायचा. त्यासाठी वीरेश जेवण सोडून गेटपाशी येणार, फोन मागून घेणार, "शून्य हाय का ओ हाय, मला काय कळंना" हे ऐकणार, फोन परत देऊन जागेवर धावत जाणार. तोवर वडवणीची वीज गेलेली. वीज टिकली तरी काही महत्त्वाचं बदलायला घेतलं की त्याच्याकडचा पडदा काळाठिक्कर पडायचा. इकडं अप्पांसमोर इंग्रजीत सवाल यायचा आणि "हो" त्यांनीच दाबावं लागायचं. लोकांचं दुरुस्त करून देणाऱ्या वीरेशला स्वतःच्या बापाचं दुकान काही आवरेना.

यात आणखी एक भर पडली. बाण वीरेशच्या हाती जायचा, दोन-चार ठिकाणी फिरायचा आणि मधेच मरून पडायचा. वीरेशकडं पाटी यायची, की समोरच्या माणसानं ताबा काढून घेतला आहे. तो पुन्हा मागायचा, अप्पा पुन्हा द्यायचे, पुन्हा तेच. महिनाभर असं चाललं.

एके दुपारी गेटवरून त्याचा फोन आला. "अप्पा, तुम्ही मधे हात का घालता?"

"न्हाई रे घातला. दोन्ही हात मांडीवर असतेत माझे."

"मग ताबा कोण काढून घेतं? मशीन खोटं बोलत नाही. तुम्हाला मी केलेलं पटत नसेल तर तसं सांगा. बीडला एक माणूस आहे, तो येऊन बघून जाईल. मला असं रोज जेवण सोडून पळणं जमायचं नाही."

घरचं "तुमी" कधीच गेलं होतं, त्या जागी पुण्याचं "तुम्ही" आलं होतं. ते अप्पांच्या कानाला पहिल्यांदा टोचलं. ते म्हणाले, "पाठव मग त्यालाच," आणि फोन ठेवला. फटकळपणा जन्माचा, तो ऐन वेळी कुठं जाणार? दुकानात कुणी नव्हतं. अप्पांना रडू येईल असं वाटलं, म्हणून ते उठून नट वेगळे करत बसले. नट आधीच वेगळे होते.

बीडचा माणूस काही आला नाही. वीरेशही आला नाही. दुपारी अप्पा सवयीनं कॉम्प्युटरसमोर बसायचे, पाटी यायची नाही, मग उठायचे.

उलगडा झाला तो सोमवारी सकाळी. अप्पा लिंगायत. इष्टलिंगाची पूजा करून दुकान उघडायचं, आणि वजनकाट्याला, गल्ल्याला अन् कॉम्प्युटरला ओल्या विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढायचे, हा त्यांचा नेम. जुन्या पडद्याला ऐसपैस कपाळ होतं. नव्या चपट्या पडद्याला बोट टेकवायलाही जागा नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात पट्टे ओढायला सुरुवात केली होती. एरवी तेव्हा कॉम्प्युटर बंद असायचा. त्या सोमवारी तो रात्रभर चालूच राहून गेला होता आणि पडद्यावर अर्धवट बिल उघडं होतं. अप्पांची बोटं कोपऱ्यातून ओढली गेली आणि बिल मिटलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं. काही न करता पुन्हा मिटलं. वाकून बघतात तर कोपऱ्यातलं पहिलंच बटण, जे दाबलं की चाललेलं काम रद्द होतं, ते विभूतीच्या लगद्यात खाली रुतून बसलेलं. जरा धक्का लागला की आपलं आपण दाबलं जायचं. वीरेशच्या हातचा ताबाही तेच काढून घेत असणार.

अप्पा स्टुलावर बसले. मशीन खोटं बोलत नव्हतं, वीरेशही नव्हता. महिनाभर रोज सकाळी देवाचं नाव घेऊन, बोटं ओली करून, आपणच पोराला दुकानातून हाकलत होतो. त्यांनी फडकं भिजवलं, काडेपेटीच्या काडीनं बटणाच्या कडा कोरून काढल्या, महादेवाची मनोमन माफी मागितली. बटण टुणकन वर आलं.

लगेच त्यांनी वीरेशला फोन लावला. तो अजून खोलीवर होता. विभूतीचं ऐकून तो हसलासुद्धा. म्हणाला, "अप्पा, धन्य आहे तुमची! चला, सुटलं एकदाचं. आता बिलं नीट छापतात ना?"

"एकदम झकास."

"मग आता काय अडलंय?"

"काय न्हाई," अप्पा म्हणाले, आणि वीरेशनं "बरं, हां" म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर मशीन असं गुणी चाललं की विचारता सोय नाही. बिलं सरळ, बेरजा बिनचूक. अप्पांनी काही बिघडवून बघायचाही विचार केला, पण नेमकं काय बिघडवावं हे कळायला तरी कॉम्प्युटर यायला हवा. त्यांना फक्त दुरुस्त होताना बघायचं माहीत होतं. श्रावण सरत आला. एका दुपारी, काहीही अडलेलं नसताना, त्यांनी बोलावणं धाडलं. आयुष्यात असं विनाकारण त्यांनी कुणालाच बोलावलं नव्हतं, लेकालाही नाही.

थोड्या वेळानं गेटवरून फोन आला. "काय झालं?"

"तू ये तर."

पासवर्ड सांगून झाला. पाटी आली, अप्पांनी "हो" दाबलं, ताबाही दिला. बाण हलला. वीरेशची सवय, विचार करताना बाण गोल गोल फिरवायचा, तसा तो फिरला. अप्पांचे डोळे भरून आले. लिहायच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटलं. "काय बिघडलंय? मला सगळं ठीक दिसतंय."

अप्पांनी एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, "काही नाही."

"मग?"

याला बराच वेळ लागला. "करमत नाही. बस थोडा."

बाण जागच्या जागी थांबला. अप्पांना धास्ती वाटली, की आता पाटी येणार आणि हा जाणार. पाटी आली नाही. खूप वेळानं उमटलं, "मीटिंग आहे अप्पा. चालू ठेवतो. बंद करू नका."

त्यापुढं काही उमटलं नाही. बाण बिलाच्या कोऱ्या चौकटीवर उभा होता. त्याच्यामागं वीरेश आहे की खुर्ची रिकामी आहे, हे अप्पांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. आपला धक्का लागला तर बाण सरकेल, आणि मग तो कुणी हलवला होता ते कळायचं नाही.

एवढ्यात शहादेव मिस्त्री आला. त्याला दाराच्या बिजागऱ्या आणि स्क्रू हवे होते, आणि मालकाला दाखवायला छापील बिल. अप्पांनी माल काढून दिला आणि जुन्या बिलबुकातला एक कागद ओढून त्यावर पेननं लिहायला घेतलं.

"काय अप्पा, कॉम्प्युटर पुन्हा बिघडला काय?"

"न्हाई," अप्पा मान वर न करता म्हणाले. "वीरू बसलाय."

शहादेवनं दुकानात इकडं तिकडं बघितलं, पुड्या उचलल्या आणि पायरी उतरून गेला.